बावीस अंशांवरचे रक्त : वसई-विरार पट्टा आणि प्लेटलेटच्या साठ्याचा इतिहास

रक्त साठवण्याच्या विद्येचा विसाव्या शतकातील इतिहास हा मुख्यतः थंडीचा इतिहास आहे. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळले असता काढलेले रक्त गोठत नाही हे सिद्ध झाले, १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्ताची ‘पेढी’ सुरू केली, १९४३ मध्ये ब्रिटनमधील लाउटिट आणि मॉलिसन या संशोधकांच्या सायट्रेट-डेक्स्ट्रोज द्रावणामुळे बाटलीतील रक्त २१ दिवसांपर्यंत वापरता येऊ लागले, आणि या प्रत्येक टप्प्यावर बर्फ किंवा शीतकपाट हाताशी आहे असे धरूनच पुढचे पाऊल टाकले गेले. रक्ताचा एक घटक मात्र या इतिहासात कधीच नीट बसला नाही. रक्तबिंबिका, म्हणजे रुग्णालयात आणि बाहेरही सर्वजण ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या सूक्ष्म कणिका, शीतकपाटात ठेवल्या तर रुग्णाच्या शरीरात गेल्यावर झपाट्याने नाहीशा होतात, आणि खोलीच्या तापमानाला ठेवल्या तर पाच दिवसांपलीकडे त्यांचा भरवसा उरत नाही. वसई-विरारसारख्या, महानगराच्या लोहमार्गाच्या टोकाशी वाढलेल्या शहराला पावसाळ्यात जी प्लेटलेटची टंचाई सोसावी लागते, तिचे मूळ या जुन्या शास्त्रीय अडचणीत आहे, आणि म्हणून त्या टंचाईचा विचार शीतकपाटांच्या संख्येपासून सुरू करता येत नाही.

या कणिकांचे कार्य ओळखण्याचा मान इटलीतील ज्युलिओ बित्सोझेरो यांच्याकडे जातो. त्यांनी १८८२ च्या सुमारास जखमी रक्तवाहिनीत या कणिका एकमेकींना चिकटून छिद्र बुजवतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे तुकडे होऊन त्या तयार होतात हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखवले, आणि चारच वर्षांनी बॉस्टन येथे विल्यम ड्यूक यांनी रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांना दात्याचे रक्त थेट देऊन सिद्ध केले की प्लेटलेटची संख्या वाढली की रक्तस्राव थांबतो आणि त्या संपल्या की तो पुन्हा सुरू होतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, प्रत्येकीचा व्यास दोन-तीन मायक्रॉन, आणि शरीरातले आयुष्य आठ ते दहा दिवसांचे असते. ड्यूक यांचा दाता मात्र रुग्णाच्या शेजारी होता. दाता दूर असताना, आणि रक्त बाटलीत उतरवल्यानंतर कित्येक तासांनी, या कणिकांचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी साठ वर्षे लागली.

त्या साठ वर्षांत मुंबईत रक्तविज्ञानाचे काम मोठ्या जोमाने चालले होते. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात य. मो. भेंडे, चि. का. देशपांडे, ह. म. भाटिया यांनी इंग्लंडमधील संशोधकांच्या साहाय्याने अभ्यासलेला आणि जगभर ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जाणारा रक्तगट १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जाहीर झाला, १९५४ पासून लीला मूळगावकर यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची मोहीम उभी केली, आणि १९५७ मध्ये रक्तगटांच्या संदर्भकेंद्राची स्थापना झाली, ज्यातून पुढे आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आकाराला आली. परंतु त्या काळी रक्त काचेच्या बाटलीत घेतले जात होते आणि थंड कपाटात ठेवले जात होते. काचेला प्लेटलेट चिकटतात, थंडीत त्यांचे रूप बदलते, आणि दोन-तीन दिवस जुन्या बाटलीत तांबड्या पेशी उत्तम असल्या तरी कामाची प्लेटलेट जवळजवळ राहत नाही. रक्तस्राव होणाऱ्या रुग्णासाठी ताजे रक्त शोधण्याची धडपड त्या पिढीतील नातेवाइकांना करावी लागे, तिचे कारण हेच होते.

वसई त्या काळी ठाणे जिल्ह्यातील बागायतीचा तालुका होता आणि नाशवंत माल मुंबईला पोचवणे हा त्याच्या अर्थव्यवहाराचा कणा होता. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली आणि तेव्हापासून केळी, पानवेल, भाजी, फुले व दूध यांचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधले गेले. वेळेत न खपणाऱ्या मालासाठी या भूमीने स्वतःचे उपायही काढले होते: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करणे हा आगाशी परिसराचा प्रसिद्ध व्यवसाय, आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत बोंबील दोरीवर टांगून सुकवणे हा दुसरा. प्लेटलेटच्या बाबतीत असा कोणताही उपाय हाती लागला नाही. त्या वाळवून टिकवण्याचे आणि गोठवण्याचे प्रयोग अनेक दशके चालले, गोठवलेल्या प्लेटलेट काही देशांत लष्करी उपयोगापुरत्या वापरल्याही गेल्या, पण नेहमीच्या रुग्णालयाला परवडेल आणि झेपेल असा मार्ग त्यांतून निघाला नाही.

पहिला खरा बदल प्लास्टिकने घडवला. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर यांनी काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी वापरात आणली. एका पिशवीला नळीने दुसऱ्या-तिसऱ्या पिशव्या जोडता येऊ लागल्या, आणि बाहेरची हवा न लागू देता रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि प्लेटलेट वेगळ्या करणे शक्य झाले. भारतात या पिशव्या बराच काळ आयात कराव्या लागत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेल्या तंत्रावर १९८० च्या दशकात तेथेच कारखाना उभा राहिला, तेव्हा काचेच्या बाटलीचा काळ संपण्याची खरी सुरुवात झाली. या स्वदेशी पिशवीची नोंद वैद्यकाच्या इतिहासात जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही. तिच्याशिवाय रक्तघटक वेगळे करण्याची पद्धत मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांपुरतीच राहिली असती.

दुसरा बदल तापमानाचा होता, आणि तो तोवरच्या समजुतीच्या थेट विरुद्ध होता. जे जैविक ते थंड ठेवावे हा नियम इतका स्वाभाविक वाटे की प्लेटलेटही चार अंश सेल्सिअसला ठेवल्या जात. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाचे स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी दाखवून दिले की चार अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाला दिल्यावर थोड्याच काळात रक्ताभिसरणातून नाहीशा होतात, तर सुमारे बावीस अंशांवर ठेवलेल्या कित्येक दिवस फिरत राहतात. असे का होते याचा उलगडा व्हायला आणखी तीन दशके लागली: २००३ मध्ये बॉस्टनच्या कॅरिन हॉफमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की थंडीत प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील काही विशिष्ट प्रथिने एकत्र गोळा होतात, त्यांवरील शर्करांचे स्वरूप उघडे पडते, आणि यकृतातील भक्षक पेशी त्या खुणेवरून अशा प्लेटलेट ओळखून गिळून टाकतात. बावीस अंशांचा नियम मात्र कारण कळण्याच्या कितीतरी आधी रूढ झाला होता, आणि आज भारतातील ज्या रक्तकेंद्रांत प्लेटलेट साठवल्या जातात तिथे त्या वीस ते चोवीस अंशांच्या दरम्यान, अ‍ॅजिटेटर नावाच्या सतत हलणाऱ्या फळ्यांच्या यंत्रावर ठेवल्या जातात.

पिशवीत ठेवलेली प्लेटलेट निर्जीव वस्तूसारखी पडून राहत नाही, ती जगत असते, आणि तिच्या ऱ्हासाची बहुतेक कारणे या जगण्यातच आहेत. तिच्यात केंद्रक नसते, त्यामुळे झिजलेली प्रथिने नव्याने बनवण्याची तिची शक्ती फार तोकडी असते. परंतु तंतुकणिका, म्हणजे पेशीत प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणारी अंगे, तिच्यात असतात आणि ती काम करीत राहतात. पिशवीच्या भिंतीतून पुरेसा प्राणवायू आत आला नाही तर प्लेटलेट ग्लुकोजचे विघटन प्राणवायूविना करू लागते, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते, आणि रक्तद्रवातील बायकार्बोनेट ते आम्ल शमवता शमवता संपत जाते. मग सामू, म्हणजे द्रावणाची आम्लता मोजण्याचे माप, घसरू लागतो, तो ६.२ च्या खाली गेला की प्लेटलेटची जी हानी होते ती भरून येत नाही. अ‍ॅजिटेटर हा केवळ सोयीचा भाग नाही हे यावरून लक्षात येते: हालचालीमुळे प्राणवायू पिशवीभर पोचतो आणि कर्बवायू बाहेर निघून जातो. वाहतुकीत काही तास, फार तर एक दिवस, ही हालचाल थांबली तरी प्लेटलेट ते सोसतात, त्याहून अधिक नाही.

आम्लतेबरोबर रूपही बदलते. निरोगी प्लेटलेट तबकडीसारखी चपटी असते. ऱ्हास सुरू झाला की ती गोल होते, तिला काटे फुटतात, तिच्या आतील कणांमध्ये साठवलेली द्रव्ये बाहेर पडतात, आणि एरवी आत राहणारे पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन पृष्ठभागावर येते, जे प्लेटलेट अवेळी उद्दीपित झाल्याचे लक्षण मानले जाते. पिशवीतच उद्दीपित झालेली प्लेटलेट जखमेच्या जागी पोचली तरी तिथे तिच्याकडून पूर्वीइतके काम होत नाही. या बदलाचा एक भाग यंत्राविना पाहता येतो. रक्तकेंद्रातील तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हलकेच दाबतो. चपट्या प्लेटलेट प्रकाश परावर्तित करीत वळतात आणि आत चंदेरी ढग फिरल्यासारखा दिसतो, गोल झालेल्या प्लेटलेटच्या पिशवीत तसे काही दिसत नाही, फक्त एकसारखा गढूळपणा राहतो. अब्जावधी कणिकांची प्रकृती क्षणभरात सांगणारी ही साधी तपासणी फार मोलाची आहे, आणि पिशवी देण्यापूर्वी ती करण्याची शिस्त जिथे पाळली जाते तिथे रुग्णाचे भले होते. या सर्व बदलांना शास्त्रात साठवणुकीची इजा म्हणतात. तिचा काही भाग उलटवता येतो, कारण रुग्णाच्या रक्तात गेल्यावर काही तासांत प्लेटलेट आपली गमावलेली क्षमता अंशतः परत मिळवते, परंतु पाचव्या दिवसाची पिशवी पहिल्या दिवसाच्या पिशवीची बरोबरी करीत नाही.

मग मुदत पाचच दिवसांची का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर केवळ या इजेत सापडत नाही. आरंभीच्या पिशव्यांच्या भिंतीतून वायू पुरेसा जात नसल्यामुळे मर्यादा तीन दिवसांची होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अधिक वायुपारगम्य प्लास्टिक आले आणि ती पाच दिवसांवर गेली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सात दिवसांना मान्यता दिली, पण दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, ती पुन्हा पाचवर आणावी लागली. कारण जिवाणूंचे होते. दात्याच्या त्वचेवरील एखाद-दुसरा जिवाणू सुईबरोबर पिशवीत शिरला तर चार अंशांवर तो बहुधा वाढत नाही, पण बावीस अंशांवर, साखर आणि प्रथिने भरपूर असलेल्या द्रवात, त्याची संख्या दिवसागणिक कित्येक पटींनी वाढते. ज्या उबेने प्लेटलेट जगतात त्याच उबेने त्यांचा शत्रूही पोसला जातो, आणि भारतात आजही पाळली जाणारी पाच दिवसांची मर्यादा या दोन्ही धोक्यांचा मेळ घालून आलेली आहे. प्रत्यक्षात ती आणखी आखूड असते, कारण एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी हे दोन विषाणू, गुप्तरोग व हिवताप यांच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत पिशवी देता येत नाही आणि पहिला दिवस बहुधा त्यांतच जातो.

या आखूड मुदतीचा संबंध भारतात एका न्यायनिर्णयाशी येतो. १९८० च्या दशकापर्यंत पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते हा अनेक शहरांतील पेढ्यांचा आधार होता. एचआयव्हीची तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन झाल्या, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ही सुधारणा अत्यावश्यक होती आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. तिचा एक परिणाम मात्र प्लेटलेटच्या पुरवठ्यावर झाला: मागणी येईल तेव्हा बोलावता येणारा दाता गेला आणि त्याच्या जागी रक्तदान शिबिर आले, ज्याची तारीख सण, जयंती, सुट्टी आणि रविवार पाहून ठरते. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकत असल्याने शिबिरांचे हे वेळापत्रक त्यांना मानवते. प्लेटलेटचे तसे नाही. रविवारच्या शिबिरातील प्लेटलेट शुक्रवारी बाद होतात, आणि म्हणून सोमवारी-मंगळवारी भरलेला अ‍ॅजिटेटर आठवड्याच्या शेवटी रिकामा होतो.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होण्याची कारणे भूगोलात आणि लोकजीवनात आहेत. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर असा हा प्रदेश असून मुंबईशी त्याचा संबंध रेल्वेच्या पुलांनी आणि घोडबंदरजवळील महामार्गाच्या पुलाने जोडला आहे. भिवंडीकडे जाणारा कामण-चिंचोटीचा रस्ता हा तिसरा मार्ग. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा तिच्यासह अस्तित्वात आला. एवढ्या लोकवस्तीतील कामकरी स्त्री-पुरुषांचा फार मोठा भाग पहाटेच्या गाड्यांनी मुंबईकडे जातो आणि रात्री परततो, त्यामुळे कामाच्या दिवशी दाता शहरात सापडणे कठीण, आणि शिबिरे रविवारी भरवण्यावाचून गत्यंतर नाही. चर्चच्या आवारात, गणेशोत्सव मंडळांच्या मांडवात, राजकीय पक्षांच्या कार्यालयांत अशी शिबिरे भरतात. मे महिन्यात महाविद्यालये बंद होतात, कुटुंबे गावी जातात आणि शिबिरे विरळ होतात, नेमकी तेव्हा, पावसाळ्याच्या तोंडावर, साठ्याची गरज वाढू लागलेली असते.

शिबिरात गोळा केलेल्या रक्तातून प्लेटलेट मिळवायच्या असतील तर वेळेचे बंधन आणखी कडक होते. पिशवी बर्फात ठेवता येत नाही, कारण थंड झालेल्या रक्तातून चांगल्या प्लेटलेट निघत नाहीत. ती वीस ते चोवीस अंशांवर राखून सुमारे सहा तासांच्या आत घटक वेगळे करणाऱ्या केंद्रात पोचवावी लागते, तिथे सेंट्रिफ्यूजमध्ये आधी हळू व मग वेगाने फिरवावी लागते, आणि वेगळ्या झालेल्या प्लेटलेट तासभर स्थिर ठेवून मगच अ‍ॅजिटेटरवर चढवाव्या लागतात. ३५० मिलिलिटर रक्तातून अशा किमान ३५ अब्ज प्लेटलेट मिळाव्यात अशी अपेक्षा असते. दुसरी पद्धत अ‍ॅफेरेसिसची: यंत्र एकाच दात्याचे रक्त घेते, प्लेटलेट वेगळ्या काढते आणि उरलेले रक्त त्याला परत देते. त्यातून ३०० अब्ज प्लेटलेट मिळतात, म्हणजे साध्या पद्धतीच्या आठ-नऊ पिशव्यांइतक्या, आणि तो दाता ४८ तासांनी पुन्हा प्लेटलेट देऊ शकतो; परंतु त्यासाठी त्याला दीड तास केंद्रात बसावे लागते. शहराच्या गरजेचा खरा साठा या दृष्टीने पाहता कपाटात नसून दूरध्वनीच्या यादीत असतो, आणि ज्या केंद्रांनी आपल्या परिसरातील अशा दात्यांची यादी जिवंत ठेवली त्यांनी केलेले काम कोणत्याही यंत्रखरेदीपेक्षा मोठे आहे. राज्य शासनाने २०१४ मध्ये १०४ या क्रमांकावर मागणी नोंदवून रक्त पोचवण्याची योजना सुरू केली, तिचीही मांडणी शीतपेटीभोवती होती. प्लेटलेटला लागणारी बावीस अंशांची पेटी ही वेगळी व्यवस्था आहे.

पावसाळा या सर्व व्यवस्थेची परीक्षा घेतो. १० जुलै २०१८ च्या सुमारास नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून वसई-विरार दरम्यानची रेल्वे बंद पडली आणि मिठागराच्या वस्तीतील शेकडो लोकांना बाहेर काढावे लागले. वीज गेली तर शीतकपाटातील तांबड्या पेशी दार बंद ठेवून काही काळ थंड राहतात, पण अ‍ॅजिटेटर त्याच क्षणी थांबतो आणि वातानुकूलित कक्षाचे तापमान चोवीस अंशांपलीकडे जाऊ लागते. म्हणून जनित्र आणि दोन तंत्रज्ञांची रात्रपाळी या गोष्टी प्लेटलेट ठेवणाऱ्या केंद्रासाठी सेंट्रिफ्यूजइतक्याच आवश्यक ठरतात.

याच ऋतूत डेंग्यू येतो आणि मागणी एकदम चढते. या मागणीचा एक मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे, आणि हे स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे. सिंगापूर व मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्लेटलेटची संख्या २०,००० किंवा त्याहून खाली गेलेल्या पण रक्तस्राव नसलेल्या डेंग्यूरुग्णांना प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट काहींना त्या देण्याचे दुष्परिणाम भोगावे लागले. डेंग्यूत रुग्णाच्या जिवाला मुख्य धोका रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो, आणि उपचाराचा आधार शिरेतून दिलेला द्रव व बारकाईची देखरेख हा असतो. तरीही रोजच्या तपासणीच्या कागदावरील आकडा पाहून घाबरलेले कुटुंब प्लेटलेटसाठी वसईपासून दादर-परळपर्यंत धाव घेते, आणि त्या धावेत खर्ची पडलेली पिशवी रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या किंवा प्रसूतीत रक्तस्राव झालेल्या रुग्णाला कमी पडते.

गेल्या दहा वर्षांत शास्त्र पुन्हा थंडीकडे वळले आहे. थंड ठेवलेली प्लेटलेट रक्तात फार काळ फिरत नाही, पण वाहत्या जखमेवर ती तत्काळ आणि जोमाने चिकटते, आणि तिच्या पिशवीत जिवाणू वाढण्याची भीती कमी असते. या गुणांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मर्यादित स्वरूपात आणि २०२३ मध्ये, नेहमीच्या प्लेटलेट उपलब्ध नसतील तेव्हा, चालू रक्तस्रावासाठी अशा प्लेटलेट चौदा दिवसांपर्यंत वापरण्यास वाट करून दिली. महामार्गावरील अपघात आणि प्रसूतीतील रक्तस्राव यांच्यासाठी, विशेषतः पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यासारख्या दूरच्या तालुक्यांत जिथे अ‍ॅजिटेटर चालवणे शक्य नाही, ही पद्धत भारतात आली तर तिचा मोठा उपयोग होईल. कर्करोगाच्या रुग्णाला मात्र तिचा तितका लाभ नाही, कारण त्याला काही दिवस रक्तात फिरत राहणारी प्लेटलेट हवी असते, आणि तिच्यासाठी बावीस अंशांचा कक्ष, हलणाऱ्या फळ्या आणि आठवड्याच्या मध्यावर येणारा दाता यांना अद्याप पर्याय सापडलेला नाही.